एका चुकीच्या सांध्याची गोष्ट

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे नवापूर स्टेशन पाहिले नसेल तर एकदा मुद्दाम उतरून पाहावे. फलाट एकच, पण त्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध सीमारेषा जाते. दोघे शेजारी बसले तर एक जण नंदुरबार जिल्ह्यात आणि दुसरा तापी जिल्ह्यात! स्टेशन जुने, सीमा नंतरची. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि रेघ नेमकी इथून गेली. तरी कारभार बिनबोभाट चालतो.

माणसाच्या पेशीतही क्वचित असे एक 'स्टेशन' तयार होते. एक जनुक, पण त्याचा पुढचा भाग बाविसाव्या गुणसूत्राचा आणि मागचा भाग अकराव्याचा. तिथे मात्र कारभार बिनबोभाट चालत नाही. या एका जोडातून मुलांच्या हाडांचा एक कर्करोग उभा राहतो. त्याचे नाव यूइंग सार्कोमा. साधारण दहा ते वीस या वयात तो सर्वाधिक आढळतो, म्हणजे नेमका आपल्या वर्गात बसणाऱ्या मुलांना. रोग विरळा आहे. पाश्चात्त्य देशांच्या नोंदींनुसार वीस वर्षांखालील दहा लाख मुलांमागे वर्षाला सुमारे तीन. शिक्षकाच्या साऱ्या नोकरीत असे एकही मूल न दिसण्याचीच शक्यता जास्त. तरीही त्याविषयी लिहावेसे वाटले याची कारणे दोन. पेशीत कोणते जनुक केव्हा वाचायचे हे कसे ठरते, हे समजावून देणारे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. दुसरे कारण पुढे येईल.

दहावीच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिल्याच पाठात आपण प्रतिलेखन शिकवतो. डीएनएवरच्या मजकुराची आरएनएच्या रूपात नक्कल होते आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होते. मुले हे पाठ करतात. पण एखादी चौकस मुलगी विचारते, "सर, सगळ्या पेशींत डीएनए सारखाच, तर मग हाडाची पेशी हाडाची का आणि डोळ्याची डोळ्याची का?" पाठात याचे उत्तर नाही, आणि हा प्रश्न तर फार मोलाचा आहे.

उत्तर असे की प्रत्येक पेशीजवळ ग्रंथ पूर्ण असतो, पण ती त्यातली ठरावीक पानेच वाचते. माणसाकडे प्रथिने बनवणारी सुमारे वीस हजार जनुके आहेत. त्यांतली कोणती उघडायची आणि कोणती मिटलेली ठेवायची हे ठरवणारी काही खास प्रथिने असतात. त्यांना प्रतिलेखन घटक म्हणतात, ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. माणसात ती सुमारे सोळाशे आहेत. अशा बहुतेक प्रथिनांत दोन कामांसाठी दोन भाग असतात. एक भाग डीएनएवरचा पत्ता शोधतो. पत्ता म्हणजे चार, सहा, आठ अक्षरांचा एखादा छोटा शब्द. दुसरा भाग तिथे पोहोचल्यावर हाळी देतो, नक्कल करणाऱ्या यंत्रणेला गोळा करतो किंवा उलट हाकलून लावतो. म्हणजे एकाच माणसात पोस्टमन आणि दवंडीवाला.

हाडांचेच उदाहरण घ्यायचे तर रन्क्स-टू नावाचा घटक हाड बांधणाऱ्या पेशींची जनुके उघडतो. १९९७ मध्ये संशोधकांनी हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. त्यांचा सांगाडा कूर्चेचाच राहिला, हाड झालेच नाही! वीस हजार जनुकांतले एक काढले आणि सगळा सांगाडा अडला. अधिकाऱ्याची एक सही अडली की कचेरीतल्या शंभर फायली अडतात, तसाच हा प्रकार.

आता आपल्या गोष्टीतली दोन पात्रे. पहिले एफएलआय-वन. हा खरा प्रतिलेखन घटक. रक्तपेशी आणि रक्तवाहिन्या घडताना त्याची गरज असते. तो डीएनएवर 'जीजीएए' ही चार अक्षरे शोधतो, आणि ठरावीक पेशींत, ठरावीक वेळीच हजर असतो. दुसरे पात्र ईडब्ल्यूएस. हे प्रथिन आरएनएला चिकटते आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत सदैव तयार होत असते. त्याच्या पुढच्या भागाची खोड अशी की तो आपल्यासारख्या दुसऱ्या रेणूंना चिकटून घोळका करतो आणि नक्कल करणाऱ्या यंत्रणेला ओढून आणतो. आवाज मोठा, पण पत्ता माहीत नाही. म्हणून एरवी उपद्रव नाही.

एखाद्या पेशीत अकरावे आणि बाविसावे गुणसूत्र एकाच वेळी तुटतात. डीएनए तुटणे ही रोजची घटना आहे. पेशीकडे तो सांधणारी विकरे असतात आणि ती बहुतेक वेळा नीट सांधतात. इथे सांधा चुकतो. बाविसाव्याच्या टोकाला अकराव्याचा तुकडा लागतो आणि अकराव्याला बाविसाव्याचा. जोड नेमका या दोन जनुकांच्या पोटातून जातो. ईडब्ल्यूएसचा पुढचा भाग आणि एफएलआय-वनचा मागचा भाग मिळून एकच जनुक बनते. (या तुकड्यांच्या अदलाबदलीलाही मराठीत स्थानांतरण म्हणतात. दहावीच्या पाठातले स्थानांतरण म्हणजे रायबोझोमचे आरएनएवरून सरकणे. दोन्हींचा घोळ होऊ देऊ नये.)

हे वर्गात दाखवायला दोन कागदी पट्ट्या पुरतात. एकीवर लिहा, 'रोज सकाळी सात वाजता नळाला पाणी सोडावे.' दुसरीवर, 'आग लागली तरच गावचा भोंगा वाजवावा.' दोन्ही पट्ट्या मधोमध कापा आणि तुकडे बदलून चिकटवा. पहिली पट्टी म्हणेल, 'रोज सकाळी सात वाजता गावचा भोंगा वाजवावा.' एकही शब्द बदलला नाही, एक अक्षरही खोडले नाही, व्याकरण बिनचूक. तरी गाव वेडे होईल! मुलांना इथे थांबून विचारावे, चूक कोणत्या शब्दात आहे? शब्दात नाही, सांध्यात आहे. दुसरी पट्टी म्हणते, 'आग लागली तरच नळाला पाणी सोडावे.' तिच्यामुळे गाव तहानेने मरत नाही, कारण प्रत्येक गुणसूत्राची जोडी असते आणि न तुटलेली प्रत आपले काम करत राहते.

पट्ट्या कापताना एखादा मुलगा शब्दाच्या मधेच कात्री चालवेल. त्यालाही थांबवू नका. 'रोज सकाळी सात वागावचा भोंगा' असे काहीतरी निरर्थक होईल. पेशीतही बहुतेक चुकीचे सांधे असेच निरर्थक होतात. डीएनएची अक्षरे तीन-तीनच्या गटात वाचली जातात आणि जोड या गटांशी जुळला नाही तर पुढचे सगळे वाचन बिघडून धड प्रथिनच बनत नाही. धोका आहे तो अर्थपूर्ण चुकीचा.

पट्टीची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. ईडब्ल्यूएसचा पुढचा तुकडा फक्त 'रोज' हा शब्द आणत नाही, तो आपला मोठा आवाजही आणतो. जोडप्रथिनात पत्ता एफएलआय-वनचा आणि घसा ईडब्ल्यूएसचा. शिवाय पत्त्याच्या बाबतीतही एक नवीच गोष्ट घडते. आपल्या डीएनएत बऱ्याच ठिकाणी जीजीएए जीजीएए जीजीएए अशा त्याच त्या अक्षरांच्या रांगा आहेत, लहान मुलाने पाटीवर एकच अक्षर गिरवत बसावे तशा. त्यांना कुणी विचारत नाही. साधा एफएलआय-वन एकेकट्या जीजीएएवर बसतो. जोडप्रथिन मात्र या लांब रांगांवर ओळीने बसते. घोळका करायची खोड आहेच. एकाशेजारी एक असे बसले की ते गुंडाळलेला डीएनए मोकळा करणाऱ्या यंत्रणेला तिथे खेचून आणतात आणि आजवर मिटलेली जागा उघडते. जिथे दाराची चौकटसुद्धा नव्हती तिथे भिंत फोडून दार पाडले जाते. २००८ पासूनच्या दहा वर्षांत हे टप्प्याटप्प्याने उलगडले. अशा नव्या दारांतून पेशीला सतत वाढायला लावणारी जनुके वाचली जाऊ लागतात. त्याच वेळी वाढीला आवर घालणारी काही जनुके मिटतात. शेकडो पानांची उलटापालट होते आणि मुळात ही पेशी कोण होती हे ओळखू येईनासे होते. गाठीची मूळ पेशी कोणती यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही, ते त्यामुळेच.

या कर्करोगात हा एक सांधा सोडला तर डीएनएतले इतर बदल फार थोडे असतात. मुलांच्या हाडांचा दुसरा मोठा कर्करोग, ऑस्टिओसार्कोमा, याच्या अगदी उलट. तिथे गुणसूत्रांच्या चिंध्या झालेल्या असतात आणि पी-५३ हा पेशीचा पहारेकरी प्रतिलेखन घटक बहुधा मोडीत निघालेला असतो. एकीकडे पहारेकरी नाहीसा झाल्याने माजलेली अनागोंदी, तर दुसरीकडे एकाच तोतया अधिकाऱ्याचा कारभार.

हा रोग वेगळा आहे हे प्रथम ओळखले ते न्यूयॉर्कचे विकृतिशास्त्रज्ञ जेम्स यूइंग यांनी. १९२१ मध्ये त्यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीच्या हातातील हाडाच्या गाठीचे वर्णन केले. त्या काळी माहीत असलेल्या हाडाच्या कर्करोगावर रेडियमच्या किरणांचा फारसा परिणाम होत नसे. ही गाठ मात्र विरघळली. एवढ्या एका निरीक्षणावरून त्यांनी दोन रोग वेगळे केले. गुणसूत्रांची अदलाबदल १९८३ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसली आणि १९९२ मध्ये ऑलिव्हिए डेलात्र व सहकाऱ्यांनी तो जोड अक्षरांसकट वाचला. सुमारे ८५ टक्के रुग्णांत हाच जोड सापडतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांत एफएलआय-वनच्या जागी त्याचाच एखादा भाऊबंद असतो, बहुधा एकविसाव्या गुणसूत्रावरचा.

आता ते दुसरे कारण. अशा गाठीची सुरुवात बहुधा दुखण्याने होते. मांडीचे हाड, नडगी, कमरेचे हाड, बरगडी. मूल लंगडते. मुले रोज पडतात, त्यामुळे घरचे म्हणतात की खेळताना लागले असेल. तेल लावून चोळले जाते, हाड बसवणाऱ्याकडे नेले जाते. कधी ताप येतो, जागा गरम लागते, मग हाडात पू झाला असे वाटून महिनाभर गोळ्या चालतात. डॉक्टरही इथे चकतात, कारण सूक्ष्मदर्शकाखाली पाहीपर्यंत दोन्ही एकसारखेच दिसू शकते. यात आठवडे नव्हे, महिने जातात. गाठ जागच्या जागी असताना उपचार सुरू झाले तर दहांतली सुमारे सात मुले पाच वर्षांनंतरही असतात. ती फुप्फुसात किंवा दुसऱ्या हाडात पसरल्यावर आले तर दहांतली जेमतेम तीन. निदानाच्या वेळीच सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत ती पसरलेली असते. उशीर झाला म्हणूनच पसरते असे मात्र नाही. काही गाठी मुळातच आक्रमक असतात. पण उशिराने कुणाचे भले झालेले नाही.

नंदुरबार जिल्ह्यात ही गोष्ट शिक्षकाच्या दारात येते, कारण इथली कितीतरी मुले आश्रमशाळांत राहतात. आईबाप पाड्यावर, नाहीतर ऊसतोडीला. रात्री पाय दुखतो म्हणून कोण उठून बसते हे आईला नाही, वसतिगृहात झोपणाऱ्या अधीक्षकांना किंवा शेजारच्या मुलाला कळते. वाढत्या वयातली पायदुखी सर्रास असते आणि घाबरून जाण्यासारखी नसते. ती बहुधा दोन्ही पायांत असते, येते-जाते, सकाळी मूल हुंदडते. वेगळी असते ती अशी: एकाच ठिकाणी, दोन-तीन आठवडे झाले तरी न हटणारी, रात्री झोपेतून उठवणारी, हाताला सूज किंवा गाठ लागणारी. असे असेल तर चोळणे थांबवावे आणि एक्स-रे काढून घ्यावा, एवढेच शिक्षकाचे काम. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांत तपासणीला येते, त्यांनाही हे मूल मुद्दाम दाखवावे. पथकाच्या फेरीची वाट मात्र पाहू नये.

एक्स-रेवर हाडाच्या बाहेरच्या आवरणाचे कांद्यासारखे पापुद्रे दिसले तर डॉक्टरांना शंका येते. निदान मात्र गाठीचा तुकडा काढूनच होते. त्यात एक तपासणी अशी असते की ती मुलांनाही सांगण्याजोगी आहे. ईडब्ल्यूएस जनुकाच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा असे चमकणारे ठिपके चिकटवतात. जनुक अखंड असेल तर दोन्ही ठिपके शेजारी पडून पिवळसर दिसतात. तुटले असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. डोळ्याला न दिसणारा सांधा असा दोन ठिपक्यांच्या अंतरावरून पकडला जातो. मुंबईच्या परळ भागातल्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ पासून चालू आहे, अशा रुग्णांवर उपचार होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड तेवढे बरोबर हवे, नाहीतर दूरवरून गेलेल्या बापाला पुन्हा गावी यावे लागते.

आईबाप विचारतात ते वेगळेच. कशामुळे झाले? पडला म्हणून? आमच्या रक्तातून आले? मी खाण्यात काही कमी केले? इथे आपले जीवशास्त्र थोडे कामी येते. मार लागल्याने हा सांधा घडत नाही. मारामुळे आधीच असलेल्या गाठीकडे लक्ष जाते इतकेच. जोड मुलाच्या शरीरातल्या एका पेशीत जन्मानंतर कधीतरी होतो. तो आईबापांच्या पेशींत नसतो आणि भावंडांना मिळत नाही. अनुवंशाचा पुसटसा हात आहे तो असा: २०१५ मध्ये दिसले की काही लोकांच्या डीएनएत एका जीजीएए रांगेच्या मधे 'जीजीएटी' असा खंड पडलेला असतो आणि काहींच्यात त्या 'टी'च्या जागी 'ए' असल्याने रांग सलग होते. सलग रांग असणाऱ्यांत रोगाची शक्यता किंचित जास्त. तिथे जोडप्रथिनाला बसायला लांब बाक मिळतो, असे म्हणा ना. पण सलग रांग असलेल्यांतही हा रोग अगदी विरळाच. यात दोष कुणाचाच नाही, हे शिक्षकाने घरी जाऊन सांगितले तर त्या घराला ते औषधाइतकेच लागू पडते.

उपचार म्हणजे चार-पाच औषधांची आलटून-पालटून दिली जाणारी मालिका, मग शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, आणि पुन्हा औषधे. जवळजवळ वर्षभर चालते. पूर्वी नुसत्या शस्त्रक्रियेवर किंवा किरणांवर भिस्त होती तेव्हा दहांत एखादेच मूल वाचे. औषधांपैकी व्हिन्क्रिस्टीन मिळते ते आपल्या शाळेच्या कुंपणाला लागलेल्या सदाफुलीपासून. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. व्हिन्क्रिस्टीन त्या बनू देत नाही. ही सगळी औषधे भराभर वाढणाऱ्या कोणत्याही पेशीला मारतात, म्हणून केस जातात, तोंड येते, रक्त कमी होते. मूळ सांध्याला त्यांतले एकही हात लावत नाही.

मग वर्गातली तीच चौकस मुलगी विचारेल, "जोडप्रथिन फक्त गाठीतच असतं ना? मग तेवढंच मारायचं औषध का नाही?" प्रश्न बरोबर आहे, आणि शास्त्रज्ञ तीस वर्षे त्याच्यामागे आहेत. एका रक्ताच्या कर्करोगात असे जमलेही. तिथे नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या जोडातून एक विकर बनते. विकराला खाच असते, खाचेत अडकून बसेल असा रेणू बनवता येतो. २००१ पासून तसे औषध वापरात आहे. प्रतिलेखन घटकाची अडचण ही की त्याला अशी खाच नसते. ईडब्ल्यूएसचा तुकडा तर उकडलेल्या शेवयांसारखा सैल, त्याला ठराविक आकारच नाही. कुलूप असते तर किल्ली घडवता आली असती. शेवयांना किल्ली कसली लावणार? टीके-२१६ नावाच्या एका औषधावर बरीच भिस्त होती. जोडप्रथिनाला त्याच्या सोबत्यापासून तोडण्यासाठी ते बनवले होते. रुग्णांवरच्या चाचणीत ते अपेक्षेला उतरले नाही. २०२२ मध्ये असेही दिसले की पेशीत ते खरे काम करते ते सूक्ष्म नळ्यांवर, म्हणजे शेवटी सदाफुलीच्याच वाटेने.

एक शोध मात्र मला फार विचार करायला लावणारा वाटला. पेशीत ट्रिम-८ नावाचे एक प्रथिन जोडप्रथिनाचा सतत निचरा करत असते. हे कळल्यावर कुणालाही वाटेल की निचरा वाढवला की गाठ मरेल. २०२१ मध्ये बॉस्टनच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या गाठीच्या पेशींत उलटे करून पाहिले. ट्रिम-८ काढूनच टाकले. जोडप्रथिन वाढले. आणि पेशी मेल्या! भोंगा इतका वाजला की भोंगा वाजवणाऱ्यालाच तो सोसेना. ज्या प्रथिनाच्या जोरावर गाठ जगते, तेच बेताबाहेर गेले तर तिला मारते. आता त्याचा आवाज बंद करण्याबरोबरच तो वाढवण्याच्या वाटाही शोधल्या जात आहेत.